व्हीपीसीत स्विच कुठे असतो? (क्लाऊड नेटवर्कबद्दल प्राथमिक शंका)

गुऱ्हाळकर
नमस्कार मंडळी.
दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळतो. केबल क्रिम्प करण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं आमच्याच गळ्यात. ऊसनोंद, तोडणी चिठ्ठ्या आणि शेतकऱ्यांची बिलं ज्या सर्व्हरवर चालतात तो पुढच्या गाळपाच्या आत एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाऊडच्या) मुंबई रीजनमध्ये न्यायचा, असं वरून ठरलंय. काम एका वेंडरला दिलं. त्याचा आराखडा असा: व्हीपीसी (क्लाऊडमधलं आपलं खाजगी नेटवर्क) १०.०.०.०/१६, म्हणजे १०.० ने सुरू होणारे सगळे पत्ते, त्यात एकच पब्लिक सबनेट (नेटवर्कचा तुकडा) १०.०.१.०/२४, सर्व्हर १०.०.१.१०, कारखान्यातून साइट-टू-साइट व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी जोडणी). शिवाय रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ पोर्ट (सर्व्हरचं ठराविक दार) ०.०.०.०/० ला, म्हणजे अख्ख्या इंटरनेटला, उघडं.

आमचं लॅन (कारखान्यातलं नेटवर्क) पहिल्यापासून १०.०.०.०/१६ आहे, सगळं सपाट, तुकडे न पाडलेलं. वजनकाट्याचे पीसी १०.०.४ मध्ये. वेंडरला विचारलं तर म्हणतो, "ते वेगळं नेटवर्क, हे वेगळं नेटवर्क. चालतं साहेब."

मला स्विच (एका नेटवर्कमधली मशीन जोडणारी पेटी), व्हीलॅन (स्विचवर पाडलेले वेगळे गट), राउटर (दोन नेटवर्क जोडणारी पेटी) डोळ्यांनी बघायची सवय. कन्सोलमध्ये (क्लाऊडच्या नियंत्रण पानावर) सबनेट दिसतं, राउट टेबल (कुठला पत्ता कुणीकडे, याची यादी) दिसतं, पण स्विच कुठाय? राउटर कुठाय? सबनेट बनवताना पब्लिक की प्रायव्हेट असं कुणी विचारतच नाही, मग ते पब्लिक होतं कशाने? आणि मुख्य म्हणजे, खरंच चालतं का?

उगाच काहीतरी
"चालतं साहेब" ऐकलं की मी आधी बॅकअप घेतो.

अबोली
सोप्या भाषेत सांगते. व्हीपीसी म्हणजे हाउसिंग सोसायटी, सबनेट म्हणजे विंग. नेटवर्क एसीएल हा विंगच्या दारातला वॉचमन आणि सिक्युरिटी ग्रुप म्हणजे फ्लॅटची कडी. इंटरनेट गेटवे हे सोसायटीचं मेन गेट. बाकी लोक सविस्तर लिहितीलच.

पिंपळपार
अबोलीतै, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात, आणि गुऱ्हाळकरांसारख्या लॅनवाल्या माणसाची गाडी नेमकी इथेच अडते. विंग ही जागा असते. सबनेट ही जागा नाही.

गुऱ्हाळकर, स्विच नाहीच. म्हणजे डेटा सेंटरमध्ये खरे स्विच असतातच, पण तुमच्या सबनेटचा म्हणून एकही नाही. एका सबनेटमधली तुमची दोन मशीन दोन वेगळ्या रॅकमध्ये असू शकतात. त्यातल्या एकाच्या खालच्या होस्टवर (ते ज्या खऱ्या यंत्रावर चालतं त्यावर) दुसऱ्याच कुणा ग्राहकाचं मशीन असेल, आणि त्याचाही पत्ता १०.०.१.१० असेल. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो (कोटी चुकून झाली).

हे जमतं कारण पॅकेट (डेटाचा तुकडा) तुमच्या मशीनमधून निघालं की होस्टवरच अडवलं जातं. एडब्ल्यूएसकडे हल्ली हे होस्टमधल्या नायट्रो नावाच्या खास कार्डवर होतं. अमुक व्हीपीसीतला अमुक पत्ता सध्या कोणत्या होस्टवर आहे, ते एका मॅपिंग सर्व्हिसमधून बघायचं, पॅकेटला बाहेरून दुसरं वेष्टण घालायचं आणि त्या होस्टकडे धाडायचं. पलीकडे तपासणी होऊन वेष्टण निघतं. राउट टेबल, सिक्युरिटी ग्रुप हे सगळं म्हणजे या अडवणाऱ्याला दिलेले नियम. पेटी म्हणून काही नाही, म्हणून कन्सोलमध्ये ती दिसत नाही.

तेव्हा वेंडरचं वाक्य अर्धं खरं आहे. जोवर दोन नेटवर्क जोडत नाही, तोवर पत्ते सारखे असले तरी काही बिघडत नाही. डिफॉल्ट व्हीपीसी सगळ्यांना १७२.३१.०.०/१६ हीच मिळते, कुणाचं अडलंय? पण तुम्ही जोडणार आहात.

टेलनेट तात्या
स्विच नाही तर एआरपीला (लॅनवरच्या 'हा पत्ता कुणाचा?' या हाकेला) उत्तर कोण देतं? मी मशीनवर टीसीपीडम्प (पॅकेटं बघायचं साधन) लावून पाहिलंय, उत्तर येतं.

मुक्काम डब्लिन
तात्या, उत्तर येतं पण शेजारचं मशीन ते देत नाही. तुमची हाक होस्टच्या पुढे जातच नाही, उत्तर तिथेच तयार होतं. तोच टीसीपीडम्प जरा वेळ चालू ठेवा. ऑफिसच्या लॅनवर दिसतो तसा इतरांच्या ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाकांचा) गोंगाट अजिबात दिसणार नाही. दोन वेगळ्या सबनेटमधल्या मशीनमध्ये ट्रेसराऊट (वाटेतले टप्पे दाखवणारा आदेश) मारा, मधला राउटर म्हणून एकही ओळ येत नाही, थेट पलीकडचं मशीन.

याचा फटका बसतो तो जुन्या जोडसर्व्हरवाल्यांना. कीपअलाइव्ह्डी हा प्रोग्राम लावून दोन सर्व्हरमध्ये एक तरंगता आयपी ठेवायचा, पहिला पडला की दुसरा "तो पत्ता आता माझा" असं एआरपीने ओरडणार, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. व्हीपीसीत ते ओरडणं कुणी ऐकत नाही. पत्ता हलवायचा तर क्लाऊडच्या एपीआयला (प्रोग्रामकडून आज्ञा घेणाऱ्या सेवेला) सांगून हलवावा लागतो. आमच्याकडे अशा जोडसर्व्हरांचं क्लस्टर जसंच्या तसं उचलून आणलेलं. दुसरा सर्व्हर अगदी प्रामाणिकपणे मास्टर झाला, लॉगमध्ये तसं लिहिलंही त्याने, आणि ट्रॅफिक मात्र मेलेल्या पहिल्याकडेच जात राहिलं.

मिसळसम्राट
"प्रामाणिकपणे मास्टर झाला" :हाहा: आमच्या मॅनेजरचं वर्णन.

चाकणचा वाटसरू
मुख्य प्रश्नाचं उत्तर कुणीच पूर्ण दिलं नाही. गुऱ्हाळकर, तुमच्या काट्यावरचा एक पीसी धरू, १०.०.४.२५, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) /१६. त्याला सर्व्हर १०.०.१.१० शी बोलायचंय. पीसी आधी मास्क बघतो आणि ठरवतो की हा पत्ता माझ्याच लॅनवर आहे. म्हणजे तो गेटवेकडे (लॅनबाहेर जायच्या दाराकडे) जाणारच नाही, कारखान्याच्या लॅनवर एआरपी मारत बसेल. उत्तर द्यायला तिथे कुणी नाही. तुमचं व्हीपीएन हिरवं दिसेल, दोन्ही टनेल (व्हीपीएनच्या वाटा) अप, आणि काट्यावर ट्रॅक्टरची रांग.

समजा वेंडरने काहीतरी जुगाड करून पॅकेट पलीकडे पोचवलं. आता सर्व्हरचं उत्तर १०.०.४.२५ कडे निघालं. व्हीपीसीच्या प्रत्येक राउट टेबलात पहिली ओळ असते: १०.०.०.०/१६, लोकल. ही पुसता येत नाही. उत्तर व्हीपीसीतच राहतं, तिथे १०.०.४.२५ नावाचं कुणी नाही, संपलं. दोन्ही बाजूंनी मेलेलं डिझाइन आहे हे.

खिडकीतला कावळा
लोकलपेक्षा नेमका राउट टाकायचा ना. १०.०.४.०/२४ व्हीपीएनकडे. जास्त लांबीचा प्रीफिक्स (म्हणजे जास्त नेमका पट्टा) जिंकतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

चाकणचा वाटसरू
कावळेबुवा, नेहमीच्या राउटरवर जिंकला असता. इथे व्हीपीएनकडून आलेला राउट लोकलशी ओव्हरलॅप होत असेल तर लोकलच धरला जातो, आलेला कितीही नेमका असो. २०२१ पासून लोकलपेक्षा नेमके राउट हाताने टाकता येतात, पण ते व्हीपीसीतल्याच एखाद्या सबनेटचे, मधे फायरवॉल वगैरे घालण्यासाठी. कारखान्याकडे जाण्यासाठी नाहीत.

खिडकीतला कावळा
बरं. मग दोन्हीकडे नॅट (वाटेत पत्ते बदलून देणं).

चाकणचा वाटसरू
होतं तसं. बँका एकमेकींना विकत घेतात तेव्हा तेच करतात, नाइलाज म्हणून. इथे अजून एक मशीनही उभं राहिलेलं नाही. आज कागदावर आकडा खोडून दुसरा लिहायचा आहे फक्त. व्हीपीसीचा मूळ पत्तापट्टा नंतर बदलता येत नाही. जादा पट्टे जोडता येतात, पण पहिला तोच राहतो. सिक्युरिटी ग्रुप, राउट, गेटवे हे सगळं चालू हंगामातही बदलता येईल, पण हे नाही. म्हणून वेंडरशी भांडायचं तर याच ओळीवर भांडा.

रूटर रावसाहेब
मला कळत नाही, क्लास ए आहे ना १०? मग /१६ कसं काय?

टेलनेट तात्या
रावसाहेब, १९९३. क्लास (पत्त्यांचे ठरलेले गट) गेले १९९३ ला. सीआयडीआर (/१६ असं लिहायची पद्धत) आलं तेव्हा.

रूटर रावसाहेब
आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेत अजून विचारतात.

मिसळसम्राट
माझ्या तोंडी परीक्षेत सरांनी क्लास डी विचारला, मी मल्टिकास्ट म्हणालो, ते म्हणाले उपयोग सांग, मी म्हणालो परीक्षेत विचारायला. पास केलं.

अबोली
अवांतर पुरे. पब्लिक सबनेटचं सांगायचं राहिलंय. सबनेटवर "पब्लिक" असा शिक्का नसतोच. ज्या सबनेटच्या राउट टेबलात ०.०.०.०/० समोर इंटरनेट गेटवे लिहिलंय त्याला लोक पब्लिक म्हणतात, इतकंच. ती ओळ काढा, तेच सबनेट प्रायव्हेट. आणि एवढ्यानेही मशीन बाहेरून दिसत नाही, मशीनला पब्लिक आयपी लागतो.

गंमत म्हणजे तो पब्लिक आयपी मशीनला स्वतःला ठाऊक नसतो. आत लॉगिन करून आयपी कॉन्फिग बघा, फक्त १७२.३१ किंवा १० वाला खाजगी पत्ता दिसेल. बाहेरच्या आणि आतल्या पत्त्याची एकास एक अदलाबदल इंटरनेट गेटवे करतं. एखादं जुनं सॉफ्टवेअर "या पब्लिक आयपीवरच ऐक" असं सांगितल्यावर चालूच होत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हे.

(आणि पिंपळपार, सोसायटी मागे घेते. पण कडी आणि वॉचमन राहू द्या.)

पिंपळपार
कडी चालेल. वॉचमन मात्र विसराळू आहे. आत सोडलेल्या माणसाला बाहेर जाताना पुन्हा अडवतो.

गुऱ्हाळकरांसाठी स्पष्ट करतो. सिक्युरिटी ग्रुप कनेक्शन लक्षात ठेवतो. आत येऊ दिलं तर उत्तर आपोआप बाहेर जातं, आणि त्यात फक्त परवानगी लिहिता येते, मनाई नाही. नेटवर्क एसीएल काही लक्षात ठेवत नाही. आत १४३३ (एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं पोर्ट) उघडलंत आणि बाहेर जाणारे १०२४ ते ६५५३५ (उत्तरांसाठीचे पोर्ट) उघडले नाहीत, तर एसक्यूएल सर्व्हरपर्यंत विनंती पोचते आणि उत्तर सबनेटच्या वेशीवर मरतं. माझं मत विचाराल तर एसीएल डिफॉल्ट ठेवा (त्यात सगळं मोकळं असतं) आणि सगळा बंदोबस्त सिक्युरिटी ग्रुपमध्ये करा. लोक हौसेने दोन्ही लावतात आणि रात्री दोनला स्वतःच अडकतात.

मुक्काम डब्लिन
पूर्ण असहमत. एखादा आयपी सतत त्रास देत असेल तर तो अडवायला सिक्युरिटी ग्रुपमध्ये सोयच नाही. एसीएल लागतोच.

पिंपळपार
तेवढ्यापुरता लावा की. मी "हौसेने" म्हणालो.

टेलनेट तात्या
एक हाताशी ठेवण्यासारखी गोष्ट. जोडणी होत नसेल तर काय संदेश येतो ते नीट वाचा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं तर बहुतेकदा पॅकेट मशीनपर्यंत पोचलंय, तिथे सर्व्हिस चालू नाही. बराच वेळ लटकून टाइमआउट आला तर सिक्युरिटी ग्रुप, एसीएल किंवा राउट. क्लाऊडचे नियम पॅकेट गुपचूप टाकून देतात, नकार कळवत नाहीत. फ्लो लॉग (ये-जा करणाऱ्या ट्रॅफिकची नोंद) चालू करा, त्यात ॲक्सेप्ट आणि रिजेक्ट ओळीओळीने दिसतं. या आयडीचं नाव उगाच ठेवलेलं नाही, टेलनेट मारून पोर्ट तपासणं हा आजही निम्मा इलाज आहे.

उगाच काहीतरी
आणि ३३८९ जगाला उघडं हे कुणी वाचलं नाही का? रॅन्समवेअरवाल्यांना ऊसबिलं हवीच आहेत.

अबोली
वाचलं. गुऱ्हाळकर, ती ओळ आधी खोडा. व्हीपीएन आहे ना, मग ३३८९ फक्त तुमच्या संगणक विभागाच्या पट्ट्यातून, १४३३ फक्त कारखान्याच्या लॅनमधून. सर्व्हरला पब्लिक आयपी कशाला हवा? प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवा. विंडोज अपडेटसाठी बाहेर जायचं तर नॅट गेटवे (आतून बाहेर जाऊ देणारा, बाहेरून आत येऊ न देणारा).

मिसळसम्राट
नॅट गेटवे!!! बिल बघितलंय का कधी ताई?

अबोली
दर महिन्याला बघते. तासाचे पैसे आणि वर जीबीमागे पैसे, दोन्ही. नॉर्थ व्हर्जिनियाच्या दरपत्रकात ०.०४५ डॉलर तासाला, म्हणजे काही न करता महिन्याला ३२ डॉलरच्या आसपास, आणि तेवढाच दर प्रत्येक जीबीला. मुंबईचा दर वेगळा, पानावर बघून घ्या. पण लोक रडतात ते तासाच्या दराने नाही. बॅकअप रोज रात्री एसथ्रीवर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) जातो आणि तो नॅट गेटवेतून जातो, म्हणून रडतात. एसथ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट (व्हीपीसीतून एसथ्रीकडे थेट वाट) फुकट आहे. राउट टेबलात एक ओळ वाढते, बॅकअप नॅटला न शिवता जातो. हे वेंडर सांगत नाहीत.

मिसळसम्राट
त्यापेक्षा पब्लिक आयपी द्या आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये आत यायला काहीच उघडू नका. फुकटात काम.

अबोली
फुकट नाही राहिलं. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर. महिन्याला साडेतीनच्या आसपास. नॅटपेक्षा स्वस्त आहे हे मान्य, एका सर्व्हरसाठी मीही कदाचित तेच करेन. पण उद्या कुणीतरी "जरा वेळापुरतं" ३३८९ उघडेल आणि बंद करायचं विसरेल. प्रायव्हेट सबनेटमध्ये विसरलं तरी मशीन बाहेरून दिसत नाही.

निळ्या ढगातला
आमच्या अझुरकडे (मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडकडे) थोडं वेगळं आहे म्हणून भर घालतो. एडब्ल्यूएसमध्ये एक सबनेट एकाच झोनमध्ये (रीजनमधल्या डेटा सेंटरच्या एका गटात) असतं, अझुरमध्ये सबनेट रीजनभर पसरतं, झोन मशीनला निवडायचा. गूगलकडे तर अख्खी व्हीपीसीच जागतिक, सबनेट रीजनची. अझुरचा सिक्युरिटी ग्रुप सबनेटला पण लावता येतो, त्यात मनाईही लिहिता येते आणि १०० ते ४०९६ असा प्राधान्यक्रम द्यायचा असतो. नावं सारखी म्हणून गृहीत धरू नका. आणि तात्यांसाठी: अझुरमध्ये डिफॉल्ट गेटवेला पिंग करता येत नाही, तो फक्त पत्ता आहे.

रूटर रावसाहेब
माझ्या घरी जिओ फायबर, राउटर १९२.१६८.२९.१. त्याचा काही संबंध?

चाकणचा वाटसरू
रावसाहेब, चेष्टेत विचारलंत पण आहे संबंध. घरून व्हीपीएन लावून ऑफिसात येणारे असतील तर ऑफिसला १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.२९ देऊ नये, निम्म्या घरांत तेच असतं. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) १७२.१७.०.०/१६ घेऊन बसतो, तेही टाळा. दहाच्या मालिकेत मधला कुठला तरी आकडा उचलावा, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गुऱ्हाळकर
सर्वांचे आभार. रात्री दोन वेळा सगळा धागा वाचला. आज वेंडरशी बैठक झाली. वाटसरूंचं काट्यावरच्या पीसीचं उदाहरण फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा त्यांचा इंजिनियर म्हणाला की आराखडा दुसऱ्या कामातून उचललेला होता. पट्टा बदलायला तयार झाले. ३३८९ ची ओळ पण गेली.

आता १०.८०.०.०/१६ घ्यावं म्हणतोय. मुंबईत तीन झोन आहेत, दोन वापरू. बरोबर आहे का?

पिंपळपार
एका सर्व्हरला ६५ हजार पत्ते? /२० घ्या, ४०९६ होतात. उरलेलं १०.८० उद्या डिस्टिलरीला, परवा दुसऱ्या युनिटला कामी येईल.

मुक्काम डब्लिन
मी /१६ च घेईन. खाजगी पत्ते फुकट आहेत. कुबर्नेटिस (अनेक कंटेनर सांभाळणारी प्रणाली) आलं की एडब्ल्यूएसमध्ये नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पॉडला (त्यातल्या कंटेनरांच्या छोट्या गटाला) व्हीपीसीतला पत्ता लागतो, /२४ चं सबनेट बघता बघता संपतं.

उगाच काहीतरी
साखर कारखान्यात कुबर्नेटिस. मळीपासून बनवणार का?

चाकणचा वाटसरू
/२० पुरे. सबनेट /२४ ची करा, पण हिशोब २५६ चा धरू नका, २५१ चा धरा. प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. .१ राउटरसाठी, .२ डीएनएससाठी (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेसाठी), .३ पुढेमागे लागला तर म्हणून. सगळ्यात लहान सबनेट /२८ चं, त्यात १६ मधले ११ च हाती येतात.

टेलनेट तात्या
व्हीपीएन चालू झाल्यावर पिंग जातंय, लॉगिन होतंय आणि मोठा रिपोर्ट उघडताना स्क्रीन गोठतेय असं झालं, तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. व्हीपीसीत मशीनचा एमटीयू ९००१ असतो, तुमच्या लॅनवर १५००, आणि व्हीपीएनच्या वेष्टणात त्याहून कमी उरतो. छोटी पॅकेटं सुटतात, मोठी अडकतात. फायरवॉलवर टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) कमी करून द्या, आणि आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात ते) सरसकट बंद करू नका, पॅकेट मोठं झाल्याचा निरोप त्यातूनच येतो.

गुऱ्हाळकर
नोंद केली. शेवटचा प्रश्न. काट्यावरचा प्रोग्राम फार जुना, त्यात सर्व्हरचा आयपी प्रत्येक पीसीवर एका फाइलमध्ये लिहिलेला आहे. सर्व्हर बंद-चालू केला तर क्लाऊडमध्ये आयपी बदलतो असं ऐकलंय. मग दर वेळी सगळे काटे फिरायचे का?

अबोली
बदलतो तो आपोआप मिळालेला पब्लिक आयपी. खाजगी आयपी मशीन बंद-चालू केलं तरी तोच राहतो. मशीन उभं करताना हवा तो पत्ता स्वतः लिहून द्या. मशीन पुसून नवीन केलं तरी तोच पुन्हा मागता येतो, तोवर दुसऱ्या कुणी घेतला नसेल तर.

तरी आता सगळ्या फाइलींना हात लावणारच आहात, तर त्यांत आकडा लिहू नका. कारखान्याच्या डीएनएसमध्ये एक नाव बनवा आणि फाइलीत ते नाव टाका, प्रोग्राम नाव घेत असेल तर. एकदा फिरलात की सुटलात.

गुऱ्हाळकर
नाव घेतो का ते उद्या एका काट्यावर तपासतो. शनिवारी काटा बंद असतो.

उगाच काहीतरी
शुक्रवारी संध्याकाळी करू नका म्हणजे झालं.

टेलनेट तात्या
नाव घेत नसेल तर विंडोजच्या होस्ट्‌स फाइलचा उपयोग नाही, ती नावासाठीच असते. तेव्हा मात्र आयपी नीट निवडून द्या, आणि लोड बॅलन्सरच्या (अनेक सर्व्हरांत काम वाटणाऱ्या सोयीच्या) भानगडीत पडू नका.